आधी रेघ, मग नकाशा

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पेपरात एक ठरलेला प्रश्न असतो. षट्कोनी प्रिझम तळाच्या एका कडेवर टेकला आहे, त्याचा अक्ष जमिनीशी ३० अंशांनी कललेला आहे आणि वरून पाहिले तर तोच अक्ष समोरच्या उभ्या प्रतलाशी ४५ अंशांचा कोन करतो. प्लॅन आणि एलिव्हेशन काढा. वर्गातल्या काही मुलामुलींना तो प्रिझम डोळ्यांसमोर उभा राहिलेला दिसतो आणि त्यांचा हात चालू लागतो. बाकीच्यांना एक्सवाय रेषेच्या वर आणि खाली नुसत्या रेघा दिसतात. ती मुले पायऱ्या पाठ करतात, कोणता बिंदू कुठे उतरवायचा ते लक्षात ठेवतात आणि प्रश्नातला घन जरा वेगळा ठेवला की अडतात. ‘डोळ्यांसमोर आणा’ या सूचनेचा त्यांना उपयोग होत नाही, कारण डोळ्यांसमोर कसे आणायचे हेच त्यांना कोणी शिकवलेले नसते. पुढे अशी समजूत पक्की होते की ही नजर उपजत असते. काहींना मिळते, काहींना नाही. ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची ठरवणारा पुरावा गेल्या काही दशकांत भरपूर जमला आहे. ही नजर घडवण्याचे एक अतिशय स्वस्त साधन आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. ते साधन म्हणजे ऑनलाइन नकाशा. मात्र आपण तो रोज ज्या क्रमाने वापरतो, तो क्रम उलटा करावा लागतो.

मानसशास्त्रज्ञ या नजरेला अवकाशीय क्षमता म्हणतात. आपण तिला जागेचे भान म्हणू. तिचा अभ्यास मोजमापाच्या पातळीवर आणणारा प्रयोग रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ठोकळे जोडून केलेल्या आकृतींच्या जोड्या त्यांनी लोकांना दाखवल्या आणि दोन्ही चित्रे एकाच आकृतीची आहेत की नाहीत ते विचारले. एक आकृती दुसरीच्या तुलनेत जितक्या जास्त अंशांनी फिरवलेली, तितका उत्तराला वेळ जास्त. आणि ही वाढ सरळ रेषेत होती. म्हणजे माणसे मनातल्या मनात ती वस्तू खरोखर फिरवून पाहत होती. या क्षमतेचे पुढच्या आयुष्यात किती वजन असते, ते २००९ च्या एका मोठ्या विश्लेषणातून दिसले. जोनाथन वाय, डेव्हिड लुबिन्स्की आणि कॅमिला बेनबो यांनी १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या शाळांत तपासल्या गेलेल्या सुमारे चार लाख विद्यार्थ्यांची अकरा वर्षांनंतरची माहिती पाहिली. विज्ञान आणि अभियांत्रिकीत स्थिरावलेल्यांचे शाळेत असतानाचे जागेचे भान इतरांपेक्षा ठळकपणे जास्त होते, आणि गणिताचे व भाषेचे गुण हिशेबात धरूनही हा फरक उरत होता. आपल्या प्रवेश परीक्षा मात्र गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र तपासतात; जागेचे भान तपासत नाहीत आणि ते नंतर शिकवलेही जात नाही.

ती शिकवता येते हे दाखवण्याचे मोठे श्रेय शेरिल सॉर्बी यांना जाते. विद्यार्थिदशेत त्यांना स्वतःला ड्रॉइंगचा विषय अतिशय जड गेला होता. पुढे अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात शिकवताना त्यांनी १९९३ पासून नव्या विद्यार्थ्यांची पर्ड्यू चाचणी घ्यायला सुरुवात केली. फिरवलेल्या घनांचे ३० प्रश्न, एवढीच ही चाचणी. ज्यांना कमी गुण मिळाले, त्यांच्यासाठी त्यांनी एक छोटा अभ्यासक्रम आखला: एकमेकांत अडकणारे ठोकळे हातात घ्यायचे, त्यांची चित्रे हाताने काढायची, वरून, समोरून आणि बाजूने ते कसे दिसतील ते रेखाटायचे. या विद्यार्थ्यांचे चाचणीतले गुण वाढलेच, पण पुढच्या विषयांतली कामगिरीही सुधारली, आणि विशेषतः मुली अभियांत्रिकी सोडून जाण्याचे प्रमाण घटले. एकाच विद्यापीठातला अनुभव म्हणून तो बाजूला ठेवायचा म्हटले, तरी २०१३ मध्ये डेव्हिड उटल आणि सहकाऱ्यांनी २१७ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष त्याच दिशेचा आहे. प्रशिक्षणाने होणारी सरासरी वाढ प्रमाण विचलनाच्या जवळजवळ निम्मी, म्हणजे ०.४७ होती. सोप्या भाषेत, शंभरांच्या रांगेत बरोबर मध्यावर असलेला विद्यार्थी साधारण अडुसष्टाव्या जागी पोहोचेल इतकी. ही वाढ टिकते आणि सराव न केलेल्या प्रश्नांवरही थोडीफार उतरते, असेही त्यांना आढळले. ज्या कमतरतेमुळे हजारो मुले ‘आपल्याला जमणार नाही’ असे ठरवून बसतात, ती काही आठवड्यांच्या सरावाने भरून निघू शकते. हे माहीत असूनही तो सराव न देणे मला अन्यायाचे वाटते.

पण सराव ठोकळ्यांचाच का, नकाशाचा का नाही? कंटूर म्हणजे समोच्च रेषांचा नकाशा नीट पाहिला, तर तो ड्रॉइंगच्या पुस्तकातल्या ‘सेक्शन ऑफ सॉलिड्स’ या प्रकरणाचेच जमिनीवरचे रूप आहे. शंकूला आडव्या प्रतलाने कापले की वर्तुळ मिळते. टेकडीला दर २० मीटर उंचीवर आडव्या प्रतलाने कापत गेलो की कंटूर मिळतात. नकाशा हा प्लॅन, आणि त्यावर एक रेघ मारून जमिनीचा उभा छेद काढला की ते सेक्शनल एलिव्हेशन. विद्यार्थ्यांना नकोसा वाटणारा रेषेच्या खऱ्या लांबीचा प्रश्नही इथे आपोआप येतो. नकाशावर मोजलेले अंतर हे रस्त्याच्या प्लॅनचे अंतर असते, रस्त्याचे नव्हे. रेल्वेच्या ३७ ला १ अशा चढावर एक किलोमीटरमागे हा फरक अवघा ३७ सेंटिमीटरांचा भरतो, म्हणून रेल्वेचा इंजिनिअर तो बहुतेक वेळा विसरला तरी चालते. एखाद्या गडाच्या ३० अंशांच्या चढणीवर मात्र नकाशावरचा एक किलोमीटर पायांना ११५५ मीटरांचा पडतो. प्रिझम काल्पनिक असतो, त्याचे उत्तर शिक्षकाने बरोबर म्हटले म्हणून बरोबर. डोंगर खरा असतो, आणि त्याच्याविषयी केलेला अंदाज चुकला की तो कुठे आणि किती चुकला हे लगेच मोजता येते.

कोकण रेल्वेइतके चांगले उदाहरण मला दुसरे सुचत नाही. सह्याद्रीतून निघालेल्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्या पश्चिमेकडे समुद्राला जातात आणि त्यांच्या मधल्या डोंगरांच्या सोंडाही पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत. रेल्वेला जायचे होते उत्तर-दक्षिण. म्हणजे प्रत्येक खोरे आडवे ओलांडायचे आणि प्रत्येक सोंड आडवी भेदायची. मार्ग आखताना कमाल चढ १५० ला १ इतकाच धरला होता. आता हा नियम घेऊन विद्यार्थ्याला सर्व्हे ऑफ इंडियाची ५० हजारांस एक प्रमाणाची शीट द्यावी. या शीटवर दोन कंटूरांमधले उंचीचे अंतर २० मीटर असते. दीडशे मीटरला एक मीटर चढणाऱ्या रुळाला २० मीटर चढायला ३ किलोमीटर लागतील, आणि ३ किलोमीटर म्हणजे कागदावर ६ सेंटिमीटर. तेव्हा डिव्हायडरची दोन टोके ६ सेंटिमीटरवर उघडायची आणि एका कंटूरवरून पुढच्या कंटूरवर पाऊल टाकत जायचे. पाऊल सहा सेंटिमीटरांपेक्षा आखूड पडले की चढ नियमापेक्षा जास्त झाला. रत्नागिरी जिल्ह्याच्या शीटवर हे करून पाहणाऱ्याच्या थोड्याच वेळात लक्षात येते की जमिनीवरून जाणारी, फार वळणे न घेणारी वाट इथे नाहीच. कंटूर एकमेकांना इतके चिकटून येतात की डिव्हायडर ठेवायला जागा उरत नाही.

इथे विद्यार्थ्याने थांबून ठरवायचे: बोगदा कुठे, पूल कुठे, कटिंग कुठे, भराव कुठे. पेन्सिलीने रेषा मारायची, तिच्याखालचा जमिनीचा छेद कंटूर मोजत हाताने काढायचा आणि त्यावर रुळाची रेषा टाकायची. हे सगळे कागदावर झाल्यानंतरच संगणक उघडायचा. गूगल अर्थ प्रो या २०१५ पासून मोफत असलेल्या प्रोग्रॅममध्ये नकाशावर मार्ग रेखला की त्याच्या उंचीचा आलेख एका आज्ञेसरशी मिळतो. प्रत्यक्ष रेल्वेमार्गावरून तसा मार्ग रेखला, की आलेखात मोठी गंमत दिसते: गाडी मधूनच डोंगरावर चढते आणि मधूनच दरीत कोसळते. कारण तो आलेख जमिनीचा आहे, रुळाचा नव्हे. रत्नागिरीच्या उत्तरेला करबुडेचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आहे, तिथे आलेख बोगद्यावरचा डोंगर दाखवतो. रत्नागिरीच्या दक्षिणेला पानवल नदीवर सुमारे ६४ मीटर उंचीचा पूल आहे, तिथे आलेख पुलाखालची दरी दाखवतो. जमिनीच्या या आलेखातून रुळाची जवळजवळ सपाट रेषा मनाने ओढायची आणि उपग्रहचित्रात रूळ कुठे डोंगरात शिरून नाहीसा होतो व कुठे बाहेर येतो ते तपासायचे. वर डोंगर, आत रूळ, खाली दरी, वर रूळ. प्लॅन आणि एलिव्हेशन यांची सांगड घालणे म्हणजे काय, हे ज्याला प्रिझमवरून उमगले नाही, त्याला इथे उमगण्याची शक्यता खूप मोठी आहे. ज्यांनी ही रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण केली, त्यांनी हाच विचार शेकडो किलोमीटर केला होता, याचीही जाणीव त्याला होते.

हाच डिव्हायडर भोर घाटाच्या शीटवर नेला की आणखी एक गोष्ट समजते. १८६३ मध्ये सुरू झालेली घाटातली ही रेल्वे सुमारे २५ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून जास्त चढते. तिचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे. तो कागदावर २० मीटरला जेमतेम दीड सेंटिमीटर पडतो. हीच उंची कोकण रेल्वेच्या नियमाने चढायची ठरवली असती, तर चौऱ्याऐंशी किलोमीटरांच्या आसपास रूळ टाकावा लागला असता. घाटात गाडीला मागून जादा इंजिने का लावावी लागतात, हे विद्यार्थ्याला मग वेगळे सांगावे लागत नाही. कोयनेचेही तसेच. महाबळेश्वरी उगम पावून ही नदी सह्याद्रीच्या माथ्याला समांतर दक्षिणेकडे जाते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिचे पाणी बंगालच्या उपसागराचे. पण तिच्यावरच्या धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पश्चिम काठावरून चिपळूणच्या दिशेने एक रेघ मारून तिचा छेद काढला, तर काही किलोमीटरांतच जमीन चारशे मीटरांहून जास्त खाली कोसळते. सुमारे १९६० मेगावॅट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प या एका रेघेवर उभा आहे. पूर्वेला जाणारे पाणी पश्चिमेला वळवण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांनी नकाशातला तो छेद आधी मनात पाहिला असणार.

छेद काढणे हा जागेच्या भानाचा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे आपण दुसरीकडे उभे आहोत अशी कल्पना करून दिशा ओळखणे. त्याची एक प्रसिद्ध चाचणी मारिया कोझेव्हनिकोव्ह आणि मेरी हेगार्टी यांनी तयार केली. कागदावर झाड, घर, मोटार, मांजर अशा काही वस्तू विखुरलेल्या असतात. तुम्ही फुलापाशी उभे आहात आणि झाडाकडे तोंड करून आहात अशी कल्पना करायची आणि मांजर कोणत्या दिशेला आहे ते वर्तुळावर बाण काढून दाखवायचे. कागद फिरवायचा नाही. वाचायला सोपी वाटणारी ही चाचणी अनेकांना घाम फोडते. स्पेनच्या टेनेरिफ बेटावर ला लागुना विद्यापीठ आहे. तिथे कार्लोस कार्बोनेल कारेरा आणि सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून काही वर्षे ऑनलाइन नकाशांवरचे स्वाध्याय करून घेतले, आधी आणि नंतर दिशाभानाची चाचणी घेतली आणि सुधारणा झाल्याचे नोंदवले. जी साधने त्यांनी वापरली, ती कोणालाही उपलब्ध आहेत. आपल्याकडे इस्रोने २००९ मध्ये सुरू केलेले ‘भुवन’ आहे, ओपनस्ट्रीटमॅप आहे, क्यूजीआयएस हा नकाशांचा मोफत प्रोग्रॅम आहे. एक अगदी साधा सराव तर कोणालाही, आजपासून करता येईल: फोनवरचा नकाशा आपण वळलो की आपल्याबरोबर फिरतो, ती सोय बंद करून उत्तर कायम वर ठेवायची. दक्षिणेकडे चालताना डावे-उजवे मनात उलटवावे लागते. फिरणारा नकाशा तेवढे एक काम आपल्यासाठी करून टाकतो, आणि नेमके तेच काम मेंदूला सरावासाठी हवे असते.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप उलट दिशेने येतो: नकाशांची अॅप वापरूनच तर माणसांचे दिशांचे भान बोथट झाले आहे, मग तेच औषध कसे? हा आक्षेप पोकळ नाही. तोरू इशिकावा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जपानमध्ये केलेल्या अभ्यासात जीपीएसच्या आधाराने चाललेले लोक, वाट स्वतः एकदा चालून शिकलेल्यांपेक्षा जास्त अंतर चालले, जास्त वेळा थांबले आणि नंतर त्यांनी काढलेले नकाशे कच्चे निघाले. २०२० मध्ये लुईझा दहमानी आणि व्हेरोनिक बोहबो यांनी ५० वाहनचालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या १३ जणांना तीन वर्षांनी पुन्हा तपासले असता, मधल्या काळात जीपीएसचा वापर ज्यांनी जास्त केला त्यांची वाटांची स्मृती जास्त घसरलेली आढळली. तेरा हा आकडा लहान आहे, त्यावर फार मोठा निष्कर्ष उभा करू नये. पण दिशा पटण्यासारखी आहे. तरीही या अभ्यासांत लोक नकाशाचे करत काय होते, हे पाहिले पाहिजे. यंत्र सांगेल तिथे वळत होते. त्यांना अंदाज बांधावा लागत नव्हता, म्हणून चुकावेही लागत नव्हते. गणिताच्या पुस्तकामागे उत्तरे छापलेली असतात. ती आधी पाहणाऱ्याचे गणित कच्चे राहते आणि सोडवून झाल्यावर पाहणाऱ्याचे पक्के होते. उत्तरांचा दोष त्यात नसतो. म्हणूनच या प्रकरणातली माझी मुख्य मागणी साधनाविषयी नाही, क्रमाविषयी आहे: अंदाज, हाताने रेखाटन, मग पडदा, आणि शेवटी फरकाचे कारण. हा क्रम मोडून वर्गात नुसता गूगल अर्थ प्रोजेक्टरवर फिरवला, तर मुले खूश होतील, शिकणार मात्र काही नाहीत.

दुसरा आक्षेप मानसशास्त्रातूनच येतो आणि तो मला मान्य आहे. हेगार्टी आणि डेव्हिड वॉलर यांनी २००४ मध्ये दाखवले की वस्तू मनात फिरवणे आणि स्वतःची जागा मनात बदलणे या दोन क्षमता एकमेकींशी संबंधित असल्या तरी एकच नाहीत. मोठ्या परिसरातली वाट ओळखता येणारा माणूस यंत्राचा सुटा भाग मनात फिरवण्यात कच्चा असू शकतो. त्यामुळे मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याचे ठोकळे आणि आयसोमेट्रिक चित्रे काढून घेऊन त्याच्या हाती नकाशा दिला, तर तो तोट्यात जाईल. पण मी सुचवतो आहे ते तसे नाही. कंटूरवरून छेद काढणे हा सराव सपाट आकृतीवरून घनाकार उभा करण्याचाच असतो, आणि त्याची नाळ ड्रॉइंगशी थेट आहे. दिशाभानाचा सराव मात्र वेगळा आहे, त्याची गरज सिव्हिल, पर्यावरण, खाणकाम आणि वास्तुरचना शिकणाऱ्यांना जास्त, आणि तो सॉर्बींच्या पद्धतीत फारसा येत नाही. म्हणजे नकाशा ठोकळ्यांची जागा घेत नाही, ठोकळ्यांनी रिकामी ठेवलेली जागा भरतो. ‘आता ऑटोकॅड आणि बीआयएम आले, मनात पाहण्याची गरज काय’ असे विचारणाऱ्यांसाठी उत्तर लहान आहे: सॉफ्टवेअरने काढलेले मॉडेल चुकले आहे, हे ओळखायला ते बरोबर कसे दिसायला हवे ते मनात असावे लागते.

ऑनलाइन नकाशे अचूक नसतात, हा आक्षेपही अनुभवी सर्व्हेअर घेतात. ते खरे आहे, आणि त्याचा शिकवण्यासाठी उत्तम उपयोग होतो. जगभरच्या बऱ्याच मोफत उंचीच्या माहितीचे मूळ फेब्रुवारी २००० मधल्या ‘एंडेव्हर’ यानाच्या अकरा दिवसांच्या रडार मोहिमेत आहे. त्या माहितीत साधारण ३० मीटरच्या एका चौकटीला उंचीचा एकच आकडा मिळतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा या चौकटींत बसवला तर काय होते, ते विद्यार्थ्याने पाहावे. कडा उभा तर आहेच, वर मधोमध आत वळलेला आहे; एका बिंदूला एकच उंची देणाऱ्या नोंदीत आत वळलेला कडा मावूच शकत नाही, आणि उभा भागही तिरक्या उतारासारखा दिसतो. कोणती माहिती काय सांगू शकत नाही, हे समजणे इंजिनिअरसाठी माहितीइतकेच मोलाचे. उंचीच्या आलेखाची आणखी एक फसवणूक अशी की त्याचे आडवे आणि उभे प्रमाण वेगळे असते. पाच किलोमीटरांत पन्नास मीटरांचा चढ पडद्यावर कड्यासारखा दिसतो. म्हणून आलेख पाहून चढ ‘तीव्र’ म्हणणाऱ्याला तो आकड्यात मांडायला लावावे. आणि वेब मर्केटर प्रक्षेपणावर ३४ अक्षांशावरचे श्रीनगर कन्याकुमारीच्या तुलनेत क्षेत्रफळाने सुमारे चाळीस टक्के फुगलेले दिसते, हेही एकदा कोसाइनची आकडेमोड करून स्वतः काढावे. प्रक्षेपण हा शब्द ड्रॉइंगच्या वर्गात रोज वापरला जातो. पृथ्वीचे प्रक्षेपण करताना काय गमवावे लागते, ते तिथे क्वचितच सांगितले जाते.

व्यवहाराची अडचण मात्र खरी आहे. अभ्यासक्रम गच्च भरलेला, बॅचमध्ये मुले जास्त आणि शिक्षक कमी. त्यातच शीटांची नक्कल. काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट उतरवणे, ज्याला विद्यार्थी ‘जीटी’ म्हणतात, हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, कारण वर्गातल्या सगळ्यांना एकच प्रश्न असतो आणि त्याचे एकच उत्तर. नकाशा हा प्रश्न मुळातच बदलतो. साठ विद्यार्थ्यांना साठ गावे, साठ रेषा. एकाचा छेद दुसऱ्याला उपयोगाचा नाही. गुणही अंदाज बरोबर आला म्हणून द्यायचे नाहीत. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक का पडला, हे ज्याने नीट मांडले त्याला द्यायचे. मग चुकीचा अंदाज लपवण्याची गरज राहत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहिती वापरण्यावरचे बरेच निर्बंध उठवले, सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटा संकेतस्थळावरून घेता येतात, आणि एकदा उतरवलेली शीट क्यूजीआयएसमध्ये इंटरनेटशिवायही उघडते. तालुक्याच्या महाविद्यालयात नेट मंद आहे ही सबब त्यामुळे फार काळ टिकत नाही. उलट तालुक्याचा विद्यार्थी इथे पुढे असण्याची शक्यता आहे. शेताचा बांध कुठे फुटतो, पावसाचे पाणी कोणत्या ओहोळाने उतरते, खिंडीपलीकडे काय आहे, हे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे, त्याला कंटूरचा व्ही आकार चढाकडे वळला तर खोरे आणि उताराकडे वळला तर सोंड, हे समजावणे सोपे जाते. इंग्रजीच्या आणि कोचिंगच्या शर्यतीत मागे पडलेल्या अशा मुलांकडे असलेले हे ज्ञान आपले महाविद्यालय आजवर गुणांत धरत नव्हते.

या कौशल्याची किंमत परीक्षेपुरती नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला आणि शहर परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक जीव घेतले. कात्रजच्या डोंगरातून निघून सहकारनगर, दांडेकर पुलावरून मुठेला मिळणारा हा ओढा कंटूरच्या शीटवर स्पष्ट दिसतो. जुनी उपग्रहचित्रे आज एका सरकपट्टीने मागे नेऊन पाहता येतात आणि त्याच्या काठावर बांधकाम कसे दाटत गेले तेही दिसते. पुराची कारणे अनेक असतात आणि सगळीच इंजिनिअरच्या हाती नसतात. पण भिंत बांधण्याआधी, पाइप टाकण्याआधी, लेआउटवर सही करण्याआधी ज्याच्या डोळ्यांसमोर त्या जमिनीचा उतार उभा राहतो, असा माणूस त्या टेबलाशी असायला हवा. तो आज आपल्याच पहिल्या वर्षाच्या वर्गात, कदाचित शेवटच्या बाकावर, प्रिझमच्या शीटपुढे अडून बसलेला असेल. ड्रॉइंग आणि सर्व्हेइंग शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की पुढच्या सत्रात एक शीट कमी करा आणि तिच्या जागी प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या गावावरून किंवा वस्तीवरून जाणारी पाच किलोमीटरची एक रेषा द्या. तिचा छेद कंटूरवरून हाताने काढून घ्या, आणि तो कागद तुमच्या हाती आल्याशिवाय संगणक सुरू करू देऊ नका.